मंद वाफेचा बंदोबस्त

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौदावा अध्याय स्वेदाध्याय म्हणून प्रसिद्ध आहे, आणि अग्नीच्या साह्याने द्यावयाच्या तेरा स्वेदांपैकी नाडीस्वेदाचे जे वर्णन त्यात आले आहे ते, वैद्यकाशी ज्याचा काही संबंध नाही परंतु वाफेच्या यंत्रांशी ज्याचा थोडाबहुत परिचय आहे अशा माणसानेही लक्षपूर्वक वाचावे, इतके नेमके आहे. औषधी द्रव्ये भांड्यात उकळावीत, भांड्याचे तोंड बंद करावे आणि त्याला जोडलेल्या नळीतून निघणारी वाफ रुग्णाच्या अंगावर घ्यावी, एवढे सांगून ग्रंथकार थांबत नाही. नळी हत्तीच्या सोंडेच्या आकाराची असावी, तिची लांबी एक व्याम किंवा अर्धा व्याम, म्हणजे पसरलेल्या दोन्ही हातांमधील अंतराइतकी किंवा त्याच्या निम्मी असावी, मुळाशी तिचा घेर पाव व्याम आणि टोकाशी त्याच्या निम्मा असावा, आणि ती दोन-तीन ठिकाणी वाकवलेली असावी, असे तो सांगतो. आणि या वाकवण्याचे कारणही लगेच देतो. वाफ सरळ न धावता वळणे घेत आली म्हणजे तिचा प्रचंड वेग मोडतो आणि ती त्वचा न भाजता सुखाने घाम आणते. वाफेचे काम कोणते, त्या कामाला तिचा जोर किती लागतो, आणि त्याहून अधिक जोर असेल तर तो कोठे व कसा मोडावा, हे तीन प्रश्न इतक्या जुन्या काळी इतक्या स्पष्टपणे मांडले गेले, याचे मला फार अप्रूप वाटते.

नाशिकच्या पंचवटीत हा विषय केवळ ग्रंथातला राहिलेला नाही. गणेशवाडीत आयुर्वेद सेवा संघाचे आयुर्वेद महाविद्यालय आहे, आणि गोदावरीच्या या डाव्या काठावर पंचकर्म करणाऱ्या वैद्यांची परंपराही चांगली रुजलेली आहे. चरकाने सांगितलेल्या, झाडाच्या पानांच्या नळीची जागा आता रबरी नळीने आणि मडक्याची जागा स्वयंपाकघरातल्या कुकरने घेतली आहे. कुकरमध्ये निर्गुंडीचा पाला किंवा दशमुळांचे भरड टाकून पाणी घालतात, झाकणावरची शिट्टी काढून तिच्या जागी नळी बसवतात, आणि तेल लावलेल्या पाठीवरून अथवा गुडघ्यावरून नळीचे तोंड हातभर अंतर राखून सावकाश फिरवतात. या वेळी नळीच्या तोंडाकडे बारकाईने पाहिले, तर पांढरा धूर अगदी तोंडापासून सुरू होत नाही, मध्ये बोटभर जागा स्वच्छ, रिकामी दिसते. ती जागा रिकामी नसते. खरी वाफ तेथेच असते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. पुढे जो पांढरा लोट दिसतो तो थंड होऊन पुन्हा पाणी झालेल्या सूक्ष्म थेंबांचा असतो. अनुभवी परिचारक त्या न दिसणाऱ्या टापूत रुग्णाची त्वचा कधी येऊ देत नाही.

त्या टापूची भीती का बाळगावी, हे आकड्यांनी नीट उमगते. १०० अंशांचे एक किलो पाणी अंगावर सांडून ४० अंशांपर्यंत निवले, तर ते ६० किलोकॅलरी उष्णता देते. तितक्याच तपमानाची एक किलो वाफ मात्र पाणी होतानाच ५३९ किलोकॅलरी सोडते आणि नंतर पाणी म्हणून आणखी ६० देते, म्हणजे एकूण जवळजवळ दसपट. वाफेचे सारे सामर्थ्य या गुप्त उष्णतेत आहे, दाबात नाही. आणि घरगुती वाफेसाठी दाबाचे नियंत्रण निवडताना हेच प्रथम ध्यानात घ्यावे लागते. गेजवर शून्य दाब असताना, म्हणजे बाहेरच्या हवेइतकाच दाब असताना, एक किलो थंड पाण्याची वाफ करण्यास शून्य अंशापासून मोजल्यास सुमारे ६३९ किलोकॅलरी लागतात. तोच दाब दर चौरस सेंटिमीटरला एक किलोपर्यंत चढवला, तर तपमान १२० अंशांपर्यंत जाते, एकूण उष्णता मात्र अवघी ६४६ होते, आणि त्यातली गुप्त उष्णता उलट घटून ५२६ वर येते. तात्पर्य, दाब वाढवून आपण उष्णता मिळवतो असे जे सर्वसाधारण मत आहे, त्याला फारसा आधार नाही. दाब वाढवून मिळते ते चढे तपमान आणि थोड्या जागेत कोंबलेली पुष्कळ वाफ: शून्य दाबाला एक किलो वाफ १.६७ घनमीटर जागा व्यापते, तर एक किलो दाबाला सुमारे ०.९ घनमीटर. ज्याला चढे तपमान हवे त्याने दाब जरूर घ्यावा. ज्याला केवळ ऊब हवी, त्याने तो का म्हणून विकत घ्यावा?

आपल्या जुन्या घरांतील बंब या दृष्टीने विचार करण्याजोगा आहे. नदीपलीकडच्या भांडी बाजारात तो अजूनही पाहावयास मिळतो. तांब्याच्या भांड्याच्या मधोमध निखाऱ्याचे नळकांडे, भोवती पाणी, वरून थंड पाणी ओतण्याचे तोंड आणि कडेला तोटी, अशी त्याची रचना असते. आणि ते वरचे तोंड कायम उघडे असल्यामुळे त्यात दाब साचण्याची मुळी मुभाच नसते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्यामुळे येथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळू लागते, आणि बंब कितीही पेटवला तरी त्यातील पाणी त्यापुढे जात नाही. ज्या यंत्राला नियंत्रकाची गरजच पडू नये, अशी त्याची घडण आहे. बंद भांडे घेतले की मात्र ही निश्चिंती संपते, कारण मग किती दाब साचू द्यावा हे कोणीतरी ठरवावे लागते.

कुकरमध्ये ते काम शिट्टी करते, आणि तिचा हिशेब इतका सरळ आहे की तो प्रत्येक गृहिणीला शाळेतच शिकवला गेला पाहिजे, असे मला वाटते. वाफ बाहेर पडण्याचे भोक तीन मिलिमीटर व्यासाचे धरले, तर त्याचे क्षेत्रफळ ०.०७ चौरस सेंटिमीटर होते. म्हणजे एक किलो दाबाची वाफ त्या भोकावरील ७० ग्रॅम वजन उचलू शकते. शिट्टी हे ते वजन होय. आता हीच ७० ग्रॅमची शिट्टी दोन मिलिमीटर भोक असलेल्या दुसऱ्या कुकरवर बसवली, तर ती सव्वादोन किलो दाब होईपर्यंत हलणार नाही. शिट्टी हरवली म्हणून बाजारातून कोणतीही सुटी शिट्टी आणून बसवण्याची जी वहिवाट घरोघर दिसते, तिच्यात हा धोका आहे. घरगुती कुकरचे भारतीय मानक आय.एस. २३४७ आहे, परंतु ते मानक पूर्ण कुकरचे आहे, आणि परक्या शिट्टीने त्याचा सारा हेतू विफल होतो.

नाडीस्वेदासाठी शिट्टी काढली की कुकरचा नियंत्रक निघून जातो आणि नळीचे उघडे तोंड हाच त्याचा नियंत्रक बनतो. दाब जवळजवळ शून्य राहतो, म्हणून ही व्यवस्था मुळात चांगलीच आहे; पण तिची सारी भिस्त वाट मोकळी राहण्यावर असते. नळीला पीळ पडला, पलंगाच्या पायाखाली ती चेपली गेली, किंवा उकळीबरोबर वर आलेले पाल्याचे तंतू भोकात अडकले, तर आत दाब चढू लागतो, आणि तो कळवणारी शिट्टी तर आपण आधीच बाजूला ठेवलेली असते. उरतो तो झाकणातला सेफ्टी व्हॉल्व्ह, ज्यातील मिश्रधातू अतितापाने वितळून वाट करून देतो. पाला सैल फडक्याच्या पुरचुंडीत बांधून टाकावा, पाणी भांड्याच्या निम्म्याहून वर जाऊ देऊ नये, ते आटून भांडे कोरडे पडू देऊ नये, आणि नळी जाड भिंतीची घ्यावी. चरकाने नळीला जे बाक सांगितले ते वेग मोडण्यासाठी होते. वाट बुजवणारा बाक त्याला अभिप्रेत नव्हता.

यापुढचा टप्पा म्हणजे विजेचा किंवा गॅसचा छोटा बॉयलर. येथे दाबाचे नियंत्रण म्हणजे प्रेशर स्विच: वाफेच्या दाबाने एक पातळ पडदा उचलला जातो, त्याच्या पाठीमागच्या स्प्रिंगचा जोर आपण आधी ठरवून ठेवलेला असतो, आणि पडद्याने स्प्रिंगवर मात केली की विजेचा प्रवाह तुटून ज्योत किंवा हीटर बंद होतो. कपड्यांना वाफेची इस्त्री करणाऱ्या कारागिराला विचारावे, तर तो सांगेल, "चार किलोला कट होतो, साडेतीनला परत लागतो." त्याच्या या दोन आकड्यांतच संपूर्ण विषय आला. एक आकडा तुटण्याचा, दुसरा पुन्हा लागण्याचा, आणि या दोहोंमधील फरक. फरक फार थोडा ठेवला, तर बॉयलर दर मिनिटाला लागतो आणि तुटतो, व त्यातील विजेचे संपर्क जळून जातात. फार मोठा ठेवला, तर वाफ कधी भरपूर, कधी अपुरी, असा कारभार होतो.

घर उबदार ठेवण्यासाठी वाफेचा बॉयलर ही वस्तू आपल्याकडे नाही. डिसेंबर-जानेवारीत शेजारच्या निफाडचा पारा राज्यातल्या नीचांकांत गणला जातो आणि द्राक्षबागायतदार बागेत शेकोट्या पेटवतात, तरी पंचवटीतल्या घराला त्या थंडीसाठी गोधडी पुरते. परंतु बोस्टन, न्यूयॉर्क, जर्सी सिटी या बाजूच्या जुन्या इमारतींत बिऱ्हाड करणाऱ्या मराठी कुटुंबांना तळघरातला बॉयलर आणि खोलीतले बिडाचे रेडिएटर ही जोडी घरासोबतच पदरी येते, आणि तिच्या दाबाचा प्रश्न त्यांना पहिल्याच हिवाळ्यात भेटतो. अमेरिकेतील बॉयलरविषयक संहितेत वाफेवर घर तापवणाऱ्या बॉयलरची कमाल मर्यादा दर चौरस इंचास १५ पौंड, म्हणजे साधारण आपल्या कुकरइतकी आहे. पण मर्यादा हे काम करण्याचे ठिकाण नव्हे. राहत्या घराला दीड-दोन पौंड, म्हणजे आपल्या मापाने एका किलोचा दहावा-सातवा हिस्सा, पुरेसा होतो. सर्वसाधारण नियंत्रक अर्ध्या पौंडाला लागावा आणि दीड पौंडाला तुटावा असा लावण्याची रीत आहे.

इतका मंद दाब का, याची कारणे मोठी सुंदर आहेत. वाफेला खोलीतल्या रेडिएटरपर्यंत जाण्यासाठी नळीतली हवा ढकलून बाहेर काढायची असते आणि नळीच्या घर्षणाला पुरे पडायचे असते, याहून अधिक जोराचे तिला काही काम नाही. मात्र रेडिएटरमध्ये तिचे जे पाणी होते, ते केवळ उतारावरून, स्वतःच्या वजनाने, बॉयलरकडे परत यावयाचे असते. ज्या जुन्या पद्धतीत वाफेची नळी वेगळी आणि पाण्याच्या परतीची नळी वेगळी असते, तेथे परतीच्या नळीत दाब नसतो आणि बॉयलरमध्ये असतो. म्हणून बॉयलरमधील दर पौंड दाबामागे परतीच्या पाण्याला सुमारे ७० सेंटिमीटर उंच चढून उभे राहावे लागते, तेव्हाच ते आत शिरू शकते. तळघराची उंची ती किती! दाब तीन-चार पौंडांवर नेला, की पाणी परतीच्या नळ्यांतून वर तुंबते, वाफ त्या पाण्यावर आदळते आणि सारे घर ठोके ऐकू लागते. घरमालकाला वाटते, वाफ कमी पडते आहे. तो दाब आणखी वाढवतो, आणि रोग बळावतो.

अशा घरांसाठी म्हणूनच दुसऱ्या, अधिक नाजूक जातीचा नियंत्रक असतो, ज्याच्या पट्टीवर पौंडांऐवजी औंस असतात, सोळा औंसांचा एक पौंड. साध्या नियंत्रकाला अर्ध्या पौंडाखालचे काही समजतच नाही; औंसांची पट्टी असलेला नियंत्रक मोठा पडदा आणि हलकी स्प्रिंग वापरून तेच सूक्ष्म फरक ओळखतो. निवड करताना ज्या दाबावर आपले काम चालते तो दाब उपकरणाच्या पट्टीच्या मध्याजवळ यावा, हा माझ्या मते पहिला आणि शेवटचा निकष आहे. लोक मात्र मोठा आकडा पाहून घेतात. शून्य ते दहा किलोची पट्टी असलेला स्विच किंवा गेज घेऊन त्यावर एका किलोचा दहावा भाग सांभाळू पाहणे, म्हणजे लाकडाच्या वखारीतल्या काट्यावर सोने तोलणे होय. अमेरिकेतील अशा बॉयलरवर नियमाप्रमाणे शून्य ते तीस पौंडांचे गेज असावे लागते, त्यावर दीड पौंड म्हणजे काट्याची नुसती थरथर. म्हणून जाणते लोक त्याच्याशेजारी शून्य ते तीन पौंडांचे दुसरे गेज आपल्या खर्चाने बसवतात.

नियंत्रक आणि बॉयलर यांच्यामध्ये एक वळणदार नळी असते, तिला आपल्याकडचे बॉयलर अटेंडंट सायफन म्हणतात. तिच्या पूर्ण वेढ्यात पाणी साचून राहते, आणि ते पाणी जिवंत वाफेला नाजूक पडद्यापर्यंत पोहोचू देत नाही. दाब मात्र पाण्यातून जसाच्या तसा पुढे जातो. ज्या जुन्या नियंत्रकांत पाऱ्याची कलती कुपी विजेचा प्रवाह जोडते व तोडते, तेथे या वेढ्याची दिशाही महत्त्वाची ठरते. वेढा तापला की किंचित उलगडतो आणि वर बसवलेल्या उपकरणाला एका बाजूस कलवतो. तो कल पाऱ्याच्या कुपीच्या दिशेत पडला, तर ठरवलेला आकडा चुकतो. म्हणून वेढ्याचा पृष्ठभाग कुपीशी काटकोनात ठेवतात. आणि हीच नळी गंजाने, गाळाने बुजली, तर बॉयलरमध्ये काय चालले आहे याची नियंत्रकाला काहीच वार्ता लागत नाही. तो शून्य दाब समजून ज्योत चालूच ठेवतो.

येथे आपण या विषयाच्या अत्यंत गंभीर अंगाकडे येतो. नियमन आणि रक्षण ही दोन कामे निरनिराळी आहेत, आणि ती दोन निरनिराळ्या उपकरणांकडे असली पाहिजेत. द्नी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हाडे मऊ करणारे आपले बंद भांडे ठेवले, आणि त्यासोबतच तरफेवर वजन लटकवलेल्या सुरक्षा-झडपेचा शोधही जगाला मिळाला. झडपेला विजेची, स्विचची, माणसाच्या लक्षाची कशाचीही अपेक्षा नसते. दाब ठरल्या मर्यादेपुढे गेला की ती उघडते. चांगल्या व्यवस्थेत म्हणून रोजचा नियंत्रक एक, त्याहून वरच्या दाबाला तुटणारा आणि माणसाने हाताने बटण दाबल्याशिवाय पुन्हा न लागणारा दुसरा, पाणी कमी होताच आग बंद करणारा तिसरा, आणि या सर्वांच्या अखत्याराबाहेर सेफ्टी व्हॉल्व्ह, अशी तजवीज असते. आपल्याकडे स्वस्त यंत्रांत एकाच प्रेशर स्विचवर सगळा भार टाकून बाकीचे गाळलेले दिसते, आणि ते मला अक्षम्य वाटते.

हिंदुस्थानात या बाबतीत सरकारी अंमल आला तो दुर्घटनेतून. १८६३ साली कलकत्त्यात बॉयलरचा मोठा स्फोट होऊन माणसे दगावली, १८६४ साली बंगालमध्ये तपासणीचा कायदा झाला, आणि पुढे १९२३ च्या भारतीय बॉयलर कायद्याने देशभर नोंदणी, वार्षिक तपासणी आणि दाखला यांची पद्धत घातली. २०२५ साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. महाराष्ट्रात हे काम बाष्पके संचालनालय पाहते. एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात, जेथे वाफेचा दाब हवेच्या दाबाच्या शंभरपटीहून अधिक असतो, तेथे या यंत्रणेची नजर असते. परंतु २५ लिटरपेक्षा लहान भांडी आणि दर चौरस सेंटिमीटरला एक किलोहून कमी दाबाची यंत्रे कायद्याच्या व्याख्येबाहेर ठेवलेली आहेत. घरगुती वाफेचे बहुतेक सामान या सवलतीत मोडते. तपासनीस येणार नाही, याचा अर्थ तपासणीची गरज नाही असा नव्हे. ती जबाबदारी कायद्याने मालकाच्या पदरात टाकली आहे, इतकाच त्याचा अर्थ.

विपुल वाफेने केवढे काम होते, हे पाहावयाचे असेल तर पंचवटीहून शिर्डी काही फार दूर नाही. साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयावर २००९ साली १६ चौरस मीटरच्या ७३ अंतर्गोल तबकड्या बसवून सूर्याच्या उष्णतेने वाफ करण्याची योजना अमलात आली, आणि त्या वाफेवर हजारो भाविकांचा स्वयंपाक होऊ लागला. सूर्य मालकाच्या हुकुमात नसतो, ढग आला की वाफ घटते. म्हणून ही वाफ आधीपासूनच्या बॉयलरच्या जाळ्याला जोडलेली असते, आणि तेथे दाबाच्या नियमनाचे काम आणखी वाढते, कारण एका जाळ्यात दोन उगम एकमेकांना सांभाळून चालवावे लागतात.

ज्याला पंचवटीत घरी किंवा लहानशा दवाखान्यात स्वेदनासाठी वाफेचे यंत्र घ्यावयाचे आहे, त्याने म्हणून दुकानदाराला प्रथम दाब किती चढतो हे विचारू नये, किती खाली धरता येतो हे विचारावे. एका किलोच्या दहाव्या भागाच्या आसपास तुटणारा स्विच, त्याच पल्ल्याचे गेज, सायफन, पाण्याची पातळी दाखवणारी काच, आणि या साऱ्यांहून स्वतंत्र सेफ्टी व्हॉल्व्ह, एवढे दिसले तर व्यवहार करावा. आणल्यावर पहिल्याच दिवशी यंत्र चालू करून काटा ठरल्या जागी येताच स्विच तुटतो की नाही हे उभे राहून पाहावे, मग ठरवलेला आकडा थोडा खाली आणून तो लवकर तुटतो का हेही पाहावे. सेफ्टी व्हॉल्व्हची कळ महिन्यातून एकदा, चेहरा बाजूला ठेवून, उचलावी. गोदावरीकाठच्या विहिरींचे व बोअरचे जड पाणी वापरत असल्यास क्षार लवकर बसतात, म्हणून भांडे आठवड्याला रिकामे करून धुवावे आणि सायफन वर्षातून एकदा काढून तार घालून साफ करावा. साफ केलेला सायफन परत बसवण्यापूर्वी त्याच्या वेढ्यात पाणी ओतून घ्यावे. तो कोरडा राहिला तर पहिल्याच तापवणीत जिवंत वाफ थेट पडद्यावर जाते आणि नवा नियंत्रक त्याच दिवशी निकामी होतो.